गंभीरेच्या काठची प्रदक्षिणा

ज्या वाटेने जावे तिनेच परत येऊ नये, हे पायी हिंडणाऱ्याचे पहिले सुख. आपल्या भाषेला हे सुख फार पूर्वीपासून ठाऊक असावे. एरवी प्रदक्षिणा, परिक्रमा, फेरी, फेरा, पंचक्रोशी असे इतके शब्द तिने एकाच कल्पनेसाठी कशाला साठविले असते? नर्मदेच्या परिक्रमेने मराठीला गो. नी. दांडेकरांचे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' दिले. उज्जैनची पंचक्रोशी यात्रा तर माळव्यातील मराठी घरांना परकी नाहीच. वैशाखाच्या ऐन उन्हात ११८ किलोमीटरांचा तो फेरा हजारो माणसे अजून पायांनी पुरा करतात. या थोर परिक्रमांपुढे ज्या फेरीविषयी आज लिहावयाचे योजिले आहे ती अगदीच बापुडवाणी दिसेल. तिला नाव नाही, तिच्या तोंडाशी फलक नाही, आणि देऊळ म्हणावे तर वाटेत शेंदूर फासलेले दोन दगड. लांबी म्हणाल तर जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. परंतु सावली, नदी आणि पाणथळ या तिन्ही गोष्टी एकाच सकाळी देणारी दुसरी वाट देपालपूर तालुक्यात आमच्या पाहण्यात नाही.

नदी म्हणजे गंभीर. महूजवळच्या जानापाव डोंगराच्या परिसरात चंबळ उगम पावते, तशीच हीही. उत्तरेकडे वाहत ती पुढे उज्जैन जिल्ह्यात जाते आणि क्षिप्रेला मिळते. संस्कृतच्या तासाला ज्यांनी 'मेघदूत' वाचले असेल त्यांना हिची ओळख वेगळी करून द्यावयास नको. कालिदासाच्या यक्षाने मेघाला ज्या 'गंभीरा' नदीवर थोडा थांबावयास सांगितले ती हीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शान्ता शेळके अशा मोठ्या माणसांनी 'मेघदूत' मराठीत आणले. परंतु त्या अनुवादांच्या मराठी वाचकांपैकी या नदीत पाय बुडविलेले किती असतील, हा प्रश्न आम्हांला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. आम्हां इंदूर-देपालपूरकरांना ती सोय घरबसल्या आहे, आणि बहुधा म्हणूनच आम्ही तिकडे जात नाही. कवीने त्या नदीचे वर्णन करताना नुसते पाणी पाहिलेले नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. त्याला काठ दिसला, आणि काठावरून पाण्यावर लवलेल्या फांद्या दिसल्या. काठाच्या झाडांवाचून ही नदी त्याला पुरी वाटली नसती.

इंदूरच्या पश्चिमेला, देपालपूरच्या वाटेवर, हातोदजवळ या नदीला बांध घालून यशवंतसागर केलेला आहे. इंदूर शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून होळकर संस्थानाने १९३० नंतरच्या दशकात हे काम केले. सिरपूर, पिपल्यापाला, बिलावली हे त्यापूर्वीचे तलाव वाढत्या वस्तीला अपुरे पडू लागले होते. १९७८ साली जलूदहून नर्मदेचे पाणी घाट चढवून इंदुरात आणले गेले आणि शहराच्या बोलण्यातून यशवंतसागर हळूहळू मागे पडला. आजही शहराच्या एका भागाची तहान तो भागवितोच. पण पावसाळ्यात दरवाजे उघडल्याची बातमी वर्तमानपत्रात आली म्हणजे तेवढ्यापुरती त्याची आठवण होते. पाखरे मात्र त्याला विसरली नाहीत. तलावाचे पाणी बऱ्याच भागात उथळ, त्यात पाणकणसांची दाट बेटे आणि भोवती शेते. ही रचना माणसाच्या हिशेबात दोष ठरेल. पाखरांना यापेक्षा उत्तम घर नको.

आमची फेरी सुरू होते ती नदी तलावात शिरते त्या अंगाला. तेथून नदीकाठाने वर जावयाचे, एका जुन्या आमराईपाशी काठ सोडून शेतांच्या बांधांवर यावयाचे, आणि तलावाच्या उथळ कडेकडेने फिरून मूळ जागी पोचावयाचे. पहिला टप्पा सावलीचा, दुसरा उन्हाचा, तिसरा पाण्याचा.

या सावलीला वन म्हणणे धाडसाचे होईल. सातपुड्याचे रान पाहिलेला मनुष्य हसेल. मराठीतला 'झाडोरा' हा शब्द येथे नेमका बसतो. नदीच्या दोन्ही काठांना, कोठे पाच हात तर कोठे पन्नास हात रुंद, असा हा झाडोरा पसरला आहे. त्यात अर्जुन मुख्य. पांढुरके गुळगुळीत खोड, पाण्याकडे झुकलेला बुंधा आणि काठाच्या मातीतून उघडी पडलेली मुळे असे हे झाड एकदा ओळखले की पुन्हा चुकत नाही. त्याच्या जोडीला जांभूळ, करंज, उंबर. मधूनमधून शिंदीचे झुबके. काठापासून थोडे दूर बाभूळ आणि पळस. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा ही वाट पाहावी असे कोणी म्हणेल. आमचे मत मार्गशीर्षाच्या बाजूने आहे. तेव्हा नदीला पाणी असते, पायाखाली धूळ नसते, आणि सकाळी आठ वाजता करंजाच्या सावलीत अंगावर उपरणे घ्यावे इतका गारवा असतो. त्याच वेळी शंभर पावलांवरच्या उघड्या शेतात ऊन चांगले लागू लागलेले असते. शाळेतील मुलांना घेऊन आम्ही एकदोनदा या वाटेने गेलो तेव्हा हा फरक त्यांना पुस्तकातून समजावून देण्याची गरज पडली नाही. ती आपण होऊन सावलीच्या रेघेवरून चालू लागली.

ही सावली केवळ चालणाऱ्याच्या सुखासाठी नसते. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात हातहात भेगाळते आणि पहिल्या जोरदार पावसात त्या भेगांच्या कडेने ढासळते. काठ उघडा असला की प्रत्येक पुरात त्याचा एकेक घास नदी घेते. अर्जुनाची मुळे तो काठ धरून ठेवतात. खालचे गवत आणि झुडुपे शेतातून येणारे गढूळ पाणी गाळून घेतात. जो गाळ येथे अडत नाही तो खाली यशवंतसागरात जाऊन बसतो, आणि बसतो तोही नदी जेथे तलावात शिरते त्या उथळ भागात, म्हणजे जेथे पाणकणसे उगवतात आणि पाखरे राहतात तेथेच. थोड्या गाळाने पाणथळ वाढते, फार गाळाने ती बुजते. आमच्या फेरीचा पहिला टप्पा नीट राहिला तरच तिसरा राहील, असा हा साधा हिशेब आहे.

आमराईविषयी फारसे लिहीत नाही. झाडे म्हातारी आहेत, फळ लहान आहे, आणि राखणदाराचा कुत्रा रागीट आहे.

शेतांचे बांध ओलांडून तलावाची कड आली की चाल आपोआप मंदावते. आमच्याकडील मराठी मुलांना पाखरांची हिंदी नावे येतात, शाळेतली इंग्रजीही येतात. मराठी नावे मात्र घरांतून गेली. म्हणून तलावाच्या कडेला बसलो की आम्ही ती मुद्दाम सांगतो, आणि त्या नावांची गोडी काही और आहे. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला, थव्याने डुलत जाणारा पाणपक्षी म्हणजे 'वारकरी'. ज्याने हे नाव ठेवले त्याने आषाढात पंढरीची वाट नक्की पाहिली असणार. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी तांबडा ठिपका असलेले बदक 'हळदी-कुंकू'. काठ्यांवर चालल्यासारखा लांब तांबड्या पायांचा 'शेकाट्या'. कमळाच्या पानांवरून सुखाने चालत जाणारा 'कमळपक्षी'. यांच्यात अंडी उबविणे आणि पिले सांभाळणे हे काम नराकडे असते. ही माहिती आम्ही शिक्षक-कक्षात सांगितली तेव्हा आमच्या सहकारी भगिनींनी ती विशेष आस्थेने ऐकली. थंडीत हिमालयापलीकडून येणारा भगव्या रंगाचा 'चक्रवाक' येथे दिसतो. संस्कृत कवींनी रात्रीच्या विरहासाठी गाजविलेला हा पक्षी दिवसा इतका कर्कश ओरडतो की यांच्या विरहात शेजाऱ्यांची सोय पाहिलेली असावी अशी शंका येते. मारुती चितमपल्ली २०२५ साली गेले. पाखरांच्या अशा नावांसाठी रानावनातून हिंडणारा तसा माणूस मराठीला पुन्हा केव्हा मिळेल कोण जाणे. त्यांचा 'पक्षिकोश' परप्रांतातील प्रत्येक मराठी घरात असावा असे आमचे मत आहे.

परंतु यशवंतसागरचा खरा मानकरी सारस. उडणाऱ्या पाखरांत जगात सर्वांत उंच, पुरुषभर उंचीचा, राखी अंगाचा आणि तांबड्या मानेचा हा पक्षी मध्य भारतात ज्या थोड्या ठिकाणी टिकून आहे त्यांत हा तलाव महत्त्वाचा गणला जातो. महाराष्ट्रात तो आता गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या मुलखात थोडाबहुत उरला आहे. पुण्या-मुंबईच्या आमच्या नातलगांना जो पाहावयास नागपूरच्याही पलीकडे जावे लागेल तो येथे देपालपूरच्या वाटेवर भेटतो, हे सांगताना आम्हांला थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा. सारस जोडीने राहतो. जहांगीर बादशहाने लैला आणि मजनू अशी नावे देऊन एक जोडी पाळली होती, आणि ती अंडी कशी उबविते याची बारकाईने नोंद आपल्या आत्मवृत्तात केली आहे. पावसाळ्यात उथळ पाण्यात गवताचा, पाणकणसांचा ढीग रचून सारस घरटे करतो आणि त्यात बहुधा दोन अंडी घालतो. चरतो मात्र शेतांत. म्हणजे त्याला पाणी हवे आणि शेतही हवे. दोहोंपैकी एक नासले की तो गेला. विजेच्या तारा आणि शेतातील विषारी औषधे हे त्याचे आजचे मोठे शत्रू आहेत.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये यशवंतसागरचे नाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत आल्याचे जाहीर झाले. इराणमधील रामसर या गावी १९७१ साली झालेल्या करारावरून हे नाव पडले आहे. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तराव्या वर्षी देशातील अशा स्थळांची संख्या पंचाहत्तर केली गेली, आणि शेवटच्या अकरांत यशवंतसागर होता, ठाण्याची खाडीही होती. त्याच महिन्यात इंदूरचा सिरपूर तलाव आणि गोव्याचे नंदा तळे यांची नावेही यादीत आल्याचे जाहीर झाले होते. पुढे २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरला 'पाणथळ शहर' अशी मान्यता मिळाली. हे सर्व आनंदाचेच आहे. यशवंतसागरचे यादीतील क्षेत्र सुमारे ८२३ हेक्टर आहे, आणि या नोंदीचा प्रत्यक्ष उपयोगही मोठा आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांत पाणथळ जागेची जी व्याख्या केली आहे तिच्यातून पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळलेले आहेत. यशवंतसागर तर त्यासाठीच बांधलेला! रामसर यादीतील स्थळांना ते नियम लागू होतात म्हणूनच त्याला त्यांचे छत्र मिळाले. अतिक्रमण करू नये, कचरा टाकू नये, आणि पुराच्या सरासरी उच्च रेषेपासून पन्नास मीटरांच्या आत नावांचा धक्का सोडून पक्के बांधकाम करू नये, असे ते नियम सांगतात.

पण त्याच व्याख्येतून आणखी एक गोष्ट वगळली आहे, ती म्हणजे नदीचे पात्र. आमच्या फेरीचा तिसरा टप्पा कायद्याच्या सावलीत आला आणि पहिला, जेथे खरी सावली आहे तो, उन्हात राहिला. तलावाला पाणी देणारा मुलूख तलावाहून कितीतरी मोठा आणि बहुतेक सगळा शेतीचा. तेथील झाडोऱ्याचा वाली कोण, या प्रश्नाला कागदावर उत्तर नाही.

हा प्रश्न आम्ही हवेत उभा केलेला नाही. गेल्या दोन वर्षांत या वाटेच्या एका वळणावरील अर्जुनांची सबंध ओळ गेली. नांगर आता तेथे थेट काठापर्यंत जातो, आणि गेल्या पावसाळ्यात काठाचा एक तुकडा नदीत बसला. चालणाऱ्याला तेथे शेतातून वळसा घालावा लागतो. ज्याचे शेत त्या शेतकऱ्याशी आमचे बोलणे झाले. त्याने आम्हांला "माटसाब" म्हणून खाटेवर बसविले, चहा पाजला आणि सरळ हिशेब सांगितला. झाडांच्या सावलीत गव्हाच्या तीन-चार ओळी भरत नाहीत, ओंब्या पोचट राहतात. ट्रॅक्टर वळविताना फांद्या अडतात. आणि मुले वेगळी झाल्यापासून वाट्याला आलेल्या जमिनीची प्रत्येक वीत मोजावी लागते. तुम्ही सावलीतून चालून घरी जाता माटसाब, ती सावली माझ्या गव्हावर पडते, असे तो म्हणाला. या वाक्याला आमच्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते, आणि शहरात बसून 'वृक्ष लावा' म्हणणाऱ्यांपाशीही ते असेल असे वाटत नाही. काठाचा तुकडा नदीत गेला तेव्हा त्याच्या गव्हाच्या ओळीही गेल्या, हे त्यालाही दिसते. पण झाडाचा तोटा दर हंगामाला होतो आणि काठ कधीतरी एकदा ढासळतो. गरीब माणूस दर हंगामाचा हिशेब आधी करतो. त्यात त्याला दोष देणे आम्हांला जमणार नाही.

तेव्हा तोटा कोणी सोसावयाचा हाच खरा मुद्दा आहे. त्या काठाने अडविलेला गाळ ज्यांच्या पिण्याच्या पाण्यात जात नाही ते इंदूरचे लोक आहेत. शहराने आपल्या पाणीपट्टीतून काठाच्या शेतकऱ्याला त्या तीन-चार ओळींचे मोल वर्षाला द्यावे, आणि त्याने दोन बैलगाड्या जातील एवढी पट्टी नांगराबाहेर ठेवावी, हा सौदा आम्हांला अगदी व्यवहाराचा वाटतो. महाराष्ट्रातील वाचकांना 'पाणंद' ठाऊक आहे: दोन्ही अंगांना झाडे-झुडुपे असलेली, कोणा एकाची नसलेली शेतवाट. गंभीरेच्या काठाला अशी पाणंद असावी, ग्रामसभेच्या ठरावाने ती गावाच्या कागदावर यावी. सिमेंटची वाट, रंगीत दिवे आणि छायाचित्रासाठी हृदयाच्या आकाराची कमान यांची तेथे जरूर नाही. मान्यता मिळालेल्या तलावांच्या काठी ही आरास फार लवकर उगवते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. सारसाच्या घरट्याला दिव्यांचा उपयोग नाही.

नदीकाठाची कल्पना इंदूरला नवी नाही. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने होळकर दरबारासाठी इंदूर शहराचा मोठा अहवाल लिहिला. गेडिस नकाशा काढण्याआधी गल्लीगल्लीतून पायी हिंडत असे. प्लेगच्या दिवसांत दिवाळीची एक आगळी मिरवणूक काढून त्याने शहराकडून घरे-रस्ते झाडून घेतल्याची हकीकत अजून सांगितली जाते. शहरातील नद्यांचे काठ स्वच्छ करून तेथे बागा कराव्यात, असा त्याचा आग्रह होता. अहवाल ग्रंथालयात राहिला, आणि खान नदी पुढे कित्येक दशके शहराचे सांडपाणी वाहत राहिली. आता तिच्यावर होत असलेला खर्च पाहिला म्हणजे झाडे असताना काठ राखणे किती स्वस्त पडते हे ध्यानात येते. गंभीरेचा काठ अजून त्या स्वस्त अवस्थेत आहे.

ज्यांना ही वाट पाहावयाची असेल त्यांनी मार्गशीर्ष ते माघ या काळात यावे. पावसाळ्यात येऊ नये. चिखल तर असतोच, शिवाय ते दिवस सारसाच्या घरट्याचे असतात आणि आपली वर्दळ त्याला सोसत नाही. इंदूरहून देपालपूरकडे जाणाऱ्या बसने सकाळी लवकर निघावे, म्हणजे उन्हाचा टप्पा दहाच्या आत संपतो. पांढरे कपडे टाळावेत, पाखरे दुरूनच उठतात. कुत्रे नेऊ नये. दुर्बीण एकच असली तर ती घरातील सर्वांत लहान मुलाकडे द्यावी. बांधावरून चालताना हरभऱ्याचे घाटे तोडण्याचा मोह फार होतो. मालकाला विचारले तर तो ओंजळभर आपण होऊन देतो. वरचे अर्जुन अजून उभे आहेत. त्यांपैकी मोठ्या सातांची मुलांनी मोजणी करून दोरीने घेर घेतला आहे, आणि ते आकडे आम्ही वहीत टिपून ठेवले आहेत.